न काढलेल्या स्वॅबचा रिपोर्ट

आईच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन जानेवारी 2020 मध्ये मुंबईत झालं. पुढे दर 21 दिवसांनी एक असे सहा केमो ठरले. दुसरा 19 मार्चला घेऊन आम्ही कोकणकन्येने कणकवलीला परतलो. कोरोनामुळे 25 तारखेपासून देश बंद. तिसरा केमो 9 एप्रिलला होता.

गाड्या बंद, एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमेवर नाके. मुंबई रेड झोन. रुग्णालयात दोनदा फोन केला, लागला नाही, तेव्हा "फोन लागतच नाहीत" असं स्वतःलाच पटवून घेतलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नंबर आला. 'मुंबईला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटना मदत'. फोन उचलणाऱ्याचा आवाज शांत. ताई, ताई करून बोलायचा. गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो पाठवला. आईच्या फाइलचे फोटो मागितले, आणि दहा मिनिटांनी तिचे किती केमो झाले, औषध कोणतं चालू आहे, हे त्यानेच मला सांगितलं. मला वाटलं, माणूस आतला आहे. आमचेच कागद वाचून आम्हालाच सांगत होता, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पाससाठी 2500 रुपये. केमोचा बेड धरून ठेवायला 12,000, 'बिलातून वजा होतील' म्हणाला. मग कोरोना टेस्ट. रिपोर्टशिवाय आत घेत नाहीत, त्याचे 4500. मी विचारलं, स्वॅब घ्यायला कोण येणार? तो म्हणाला, "ताई, तुमच्या गावात कोण येणार? पेशंट घरातच आहे ना, मग निगेटिव्हच असणार. मी मॅनेज करतो." संध्याकाळी पीडीएफ आली. आईचं नाव, वय, खाली निगेटिव्ह. नमुना घेतल्याची तारीख आणि वेळसुद्धा होती. त्या वेळी आई मागच्या पडवीत भांडी विसळत होती.

तेव्हा मी गप्प बसले. 19,000 रुपये गेले याहून हे गप्प बसणं मला जास्त लागतं. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, साधा तापही जिवावर बेतू शकतो, म्हणून आम्ही आईला शेजारच्या बारशालाही पाठवलं नव्हतं. आणि तोच खोटा कागद घेऊन मी तिला अशाच पन्नास माणसांच्या वॉर्डात नेऊन बसवणार होते. तिला लागण झालेली असती तर? किंवा शेजारच्या खुर्चीवरचा पेशंटही त्याच माणसाकडून रिपोर्ट घेऊन आला असता तर?

गाडी करून रात्री निघालो. खारेपाटणच्या नाक्यावर पोलिसाने पासवरचा टोकन नंबर तपासला. तो नंबर पुण्याच्या कुणा दुसऱ्याच माणसाच्या नावावर होता, वरची नावं बदललेली. मी तिथूनच त्या माणसाला फोन लावला. बंद. आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "चला घराक."

त्या पोलिसदादांनी आम्हाला दरडावलं नाही. बाजूला उभं करून सांगितलं, की पोलिसांच्या वेबसाइटवर पास फुकट मिळतो, वैद्यकीय कारण लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार जोडा. दुसऱ्या दिवशी अर्ज केला, त्याच संध्याकाळी पास हातात. एक पैसा लागला नाही.

मग मी पुन्हा रुग्णालयात फोन लावायला बसले. या वेळी सकाळपासून, दर दहा मिनिटांनी. दुपारी समाजसेवा विभागाच्या बाईंनी उचलला. बेडसाठी कुणाच्या खात्यात पैसे भरायचे असतात, असा प्रकारच नाही म्हणाल्या. आणि वर विचारलं, "मुंबईलाच कशाला येताय? उरलेले केमो जवळ देता येतात का, ते डॉक्टरांना विचारते." दोन दिवसांत डॉक्टरांनी औषधांचं प्रमाण आणि वेळापत्रक लिहून मेल केलं. फोंडा घाटातून कोल्हापूर. तिथे खरा स्वॅब घेतला, आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिसरा केमो झाला. सुमारे दीड महिना उशिरा. या उशिराचा काय परिणाम होईल, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता पुढचे वेळेवर घेऊ.

पोलीस ठाण्यात आणि सायबर पोर्टलवर तक्रार दिली आहे. पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या यूपीआयवर गेले होते. एकही नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळत नव्हतं, हे मी तक्रार लिहिताना पहिल्यांदा पाहिलं. पैसे अजून आलेले नाहीत.

पेशंटची फाइल अनोळखी माणसाला पाठवू नका, कितीही घाई असली तरी. रुग्णालयाचा नंबर फाइलवरच छापलेला असतो, तोच लावत राहा. मुंबईला पोचणं जमत नसेल तर जवळ उपचार होतील का, हे आधी तिथल्याच डॉक्टरांना विचारा. आम्ही एप्रिलमध्ये विचारलं असतं तर खारेपाटणच्या नाक्यावरून आईला अर्ध्या रात्री परत फिरावं लागलं नसतं.

त्याच दिवसांत वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांची रेडिएशनची तारीख होती. त्यांच्याकडे नंबर वेगळा होता, फोटोतला माणूस तोच. त्यांनी 2500 भरले होते, रिपोर्टचे भरायचे बाकी होते.