रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, क्लीव्हलँड: म्युझियम भारी, निवड मात्र...

एरी लेकच्या काठावरची आर्किटेक्ट आय. एम. पेईंची ती काचेची बिल्डिंग खरंच जबरदस्त, त्याचे पूर्ण मार्क. पण सन्मान म्हणून आत कोणत्या कलाकारांना घेतलंय आणि कधी, हे बघितलं की डोकं फिरतं राव. नियम काय तर पहिल्या रेकॉर्डनंतर 25 वर्षं झाली की कलाकार पात्र. डीप पर्पल या रॉक बँडची पहिली रेकॉर्ड 1968 ची आणि सन्मान 2016 ला, तोवर त्यांचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड जाऊनही चार वर्षं झालेली! सिस्टर रोझेटा थार्प 1938 पासून रेकॉर्ड करत होती, इलेक्ट्रिक गिटारवर गॉस्पेल वाजवणारी बाई, तिला 2018. आणि शिक (Chic) बँडला 11 वेळा नॉमिनेशन देऊन शेवटी 2017 ला त्यातल्या एकट्या गिटारिस्ट नाईल रॉजर्सला वेगळ्या कॅटेगरीत घेतलं, ही कसली पद्धत? पाचपैकी तीन स्टार, तेही बिल्डिंगमुळे.