गेम अडकायचा, कारण निघालं पंख्यात : कन्ना चौकाजवळच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

आमच्या घराखाली टॉवेलचे आठ माग चालतात आणि वर आम्ही राहतो. सोलापुरात पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माझ्यासारखाच त्रास इथे अनेकांना होत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा लॅपटॉप २०२१ सालचा. आय-फाइव्ह ११३५जी७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसभर त्यावर ऑर्डरी आणि जीएसटीची बिलं. रात्री दहानंतर मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने व्हॅलोरंट नाहीतर जीटीए फाइव्ह खेळतो. तो सकाळी कॉलेजला आणि मी खाली कारखान्यात, त्यामुळे दोघांना एकत्र मिळतो तो एवढाच वेळ. तो मला फार मोलाचा आहे.

पहिली दोन वर्षं बरं चाललं. २०२४ च्या मार्चपासून मात्र जीटीए सुरू केला की दहा मिनिटं ठीक, आणि मग चित्र अडकत अडकत सरकायचं. गाडी वळवायची आता आणि ती वळलेली दिसायची सेकंदाने. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला तेव्हा की-बोर्डवर बोट ठेववत नव्हतं.

व्हिडिओत सांगतात तसं विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगच्या नोंदीत जाऊन भावाने ग्राफिक्सची मेमरी १२८ एमबीची ५१२ केली. आकडा बदलला, गेम होता तसाच, म्हणून आकडा परत पहिल्यासारखा केला. मग एका मोठ्या दुकानात दाखवलं. त्यांनी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. स्क्रीनवरचा तो १२८ चा आकडा दाखवला आणि म्हणाले, ग्राफिक्स कमी आहे, बोर्डच बदलावा लागेल, साडेचौदा हजार. त्या महिन्यात सुताचे पैसे द्यायचे होते. लॅपटॉप परत घेऊन आले आणि दोन दिवस फार वाईट वाटत राहिलं.

या दुकानाचं आमचे माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनी सांगितलं. कन्ना चौकातून आत वळलं की अरुंद जिना आहे, दुकान पहिल्या मजल्यावर. पाटी रस्त्यावरून दिसत नाही, विचारत जावं लागतं. दुकान चालवणाऱ्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

अण्णांनी लॅपटॉप हातात घेण्याआधी विचारलं, "अक्का, चार्जर आणलाय ना? गेम कुठला? आणि सुरू केल्यावर किती वेळाने अडकतो?"

"दहा-बारा मिनिटांनी."

"पहिल्यापासून अडकत नाही ना, मग आधी गरमी बघू."

त्यांनी माझ्यासमोरच जीटीए लावला आणि कोपऱ्यात आकडे दिसतील असं केलं. सुरुवातीला ग्राफिक्सचा वेग १३०० मेगाहर्ट्झ, तापमान ८४, आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३१. मी आणि भाऊ त्या आकड्यांकडे बघत उभे राहिलो. अकराव्या मिनिटाला तापमान ९९ झालं आणि वेग एकदम ६०० वर आला. फ्रेम १४. अण्णा म्हणाले, या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आहेत, दोघांना वीजही वाटून मिळते आणि तापतातही एकत्रच. या चिपची मर्यादा १०० अंश. तिथे पोचली की जळू नये म्हणून ती स्वतःच वेग कमी करते. म्हणजे बिघाड नव्हताच, ती जीव वाचवत होती. तीन महिने जे कळत नव्हतं ते पंधरा मिनिटांत डोळ्यांनी दिसलं.

मागचं झाकण काढलं तेव्हा मात्र मला धक्का बसला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे सुताच्या तुसाचा थर, गादीतल्या कापसासारखा दाबून बसलेला. वर निळा, त्याखाली गुलाबी. आदल्या वर्षी आमच्या मागांवर आधी गुलाबी टॉवेलची ऑर्डर होती, नंतर निळ्याची. हवा बाहेर जायला वाटच नव्हती. अण्णांनी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं, ब्रशने आणि ब्लोअरने सगळं काढलं, चिपची उष्णता बाहेर नेणारी जुनी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. पातं धरायचं कारणही भावाला सांगितलं. ब्लोअरच्या हवेने पंखा सुसाट फिरला तर खराब होऊ शकतो. घरी साफ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुन्हा गेम लावला. अर्धा तास झाला तरी तापमान ८० च्या आसपास आणि वेग पडला नाही. मला वाटलं, झालं काम. पण अण्णा म्हणाले, "थांबा अक्का, ३१ फ्रेम या चिपला कमी आहेत."

त्यांनी विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडला, त्यात आतल्या भागांची नावं दिसतात. लॅपटॉपवरच्या स्टिकरवर 'आयरिस एक्सई' लिहिलंय आणि आत ग्राफिक्सचं नाव दिसत होतं 'यूएचडी ग्राफिक्स'. हे मी तीन वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. कारण असं की आत ८ जीबीची एकच रॅम होती आणि दुसरा स्लॉट रिकामा. वेगळं कार्ड असलं की त्याची स्वतःची मेमरी असते. आमच्यासारख्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स सगळं रॅममधूनच घेतं. त्यांनी मला कळेल अशा भाषेत सांगितलं : माग कितीही चांगला असू दे, गोदामाला एकच दार असेल तर सूत पोचणार कसं? एका रॅममधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल येतो, दोन लावल्या की ५१.२. दोन असल्या तरच इंटेलचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, या चिपला आयरिस एक्सई हे नाव दाखवतो. आणि तो १२८ चा आकडा? त्याला काही अर्थ नाही म्हणाले, विंडोज गरजेप्रमाणे रॅमचा जवळजवळ निम्मा भाग ग्राफिक्सला देतं. रजिस्ट्रीत बदलतो तो नुसता दिसणारा आकडा.

मग त्यांनी स्वतःकडची एक जुनी ८ जीबी रॅम लावून दाखवली, काही न घेता. नाव खरंच बदललं. त्याच ठिकाणी, त्याच सेटिंगवर फ्रेम ४७. भावाने माझा हातच धरला.

यासाठीच मी हे लिहितेय. आधी मोजलं, मग उघडलं, मग लावून दाखवलं, आणि पैशांचं बोलणं सगळ्यात शेवटी. नवी डीडीआर-फोर ३२०० ची रॅम तेव्हा १,९०० रुपये, साफसफाई आणि पेस्ट ४५०. एकूण २,३५०. ड्रायव्हर २०२१ चाच होता, तो इंटेलच्या साइटवरून नवा टाकून दिला, त्याचे वेगळे घेतले नाहीत. गेममध्ये चित्राच्या कडा गुळगुळीत करणारं एमएसएए बंद केलं, सावल्या आणि गवत खाली आणलं. चित्रात मला फारसा फरक दिसला नाही, फ्रेम मात्र ५५ पर्यंत गेल्या.

भावाने लगेच सायबरपंक हा जड गेम चालेल का विचारलं. अण्णांनी सरळ सांगितलं की नीट चालणार नाही, त्याला वेगळं कार्डच लागतं, रॅम आणखी वाढवून पैसे घालवू नका. विकायची संधी समोर असताना असं सांगणारा माणूस मला फार आवडला.

आता कमी काय ते. नवी रॅम लावून संध्याकाळी देतो म्हणाले आणि मिळाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मधे फोन नाही, मी केला तर उचलला नाही. माझी त्या दिवसाची बिलं राहिली. बसायला जागा नाही, पंखा एकच, उन्हाळ्यात वर थांबणं अवघड जातं. बिल मागितल्यावर मिळालं, त्यांनी आपणहून द्यायला हवं. घरी आल्यावर पाहिलं तर खालचा एक स्क्रू नव्हता. परत गेले तेव्हा लगेच लावून दिला आणि चुकलं म्हणाले.

लॅपटॉप अंथरुणात चादरीवर ठेवून खेळायचं आम्ही बंद केलं, कारण हवा घ्यायची जाळी खालीच आहे. टेबलही मागांच्या जिन्यापासून हलवून पुढच्या खोलीत नेलं. अण्णांनी चार महिन्यांनी साफ करून घ्यायला सांगितलं होतं, त्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये गेले. तूस निघालं, पण चिमूटभर. १०० रुपये घेतले, वीस मिनिटांत दिला.

जाणार असाल तर चार्जर आपला मूळचाच न्या, कमी वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप पूर्ण वेगाने चालेलच असं नाही आणि तपासणी फसू शकते. जो गेम अडकतो तो आधीच टाकून न्या. दुकानातलं नेट हळू आहे, तिथे डाउनलोड करायला बसलात तर दिवस जाईल. आणि सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा अण्णांना बोलायला वेळ असतो.