फक्त लँडिंगचा ५ तासांचा रिफ्रेशर घेतला, त्याबद्दल

पायलटचं लायसन्स येऊन बरेच दिवस झाले तरी माझं लँडिंग दर वेळी वेगळं व्हायचं. एकदा इतकं अलगद की शेजारी बसलेल्याला कळायचं पण नाही, आणि पुढच्याच सर्किटला (उडून, चक्कर मारून परत उतरण्याला) दणकन. चांगलं झालं तर का चांगलं झालं तेही सांगता यायचं नाही, आणि मला जास्त त्रास त्याचा व्हायचा. म्हणून एका फ्लाइंग स्कूलचा हा रिफ्रेशर घेतला, विमान सेसना १७२ एस, ५ तास नुसतं लँडिंग, बाकी काही नाही. पाचपैकी चार स्टार देतोय आणि एक का कापला तेही सांगतो.

पहिल्या तासात सरांनी चाकं टेकवूच दिली नाहीत! रनवे चांगला लांब होता, त्यावर जमिनीपासून थोड्या फुटांवर आणून विमान तसंच धरायचं, थोडी पॉवर ठेवायची, पायाने रडर (शेपटीवरची उभी हलती फळी) चालवून नाक सरळ, सेंटरलाइन (रनवेच्या मधली रेघ) दोन पायांच्या मधे, आणि अर्ध्यावर आलं की गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. असं सहा-सात वेळा केलं. मला आधी वाटलं वेळ वाया चाललाय, पण फ्लेअर, म्हणजे टेकायच्या आधी नाक हळूहळू वर घेणं, हा एरवी चार-पाच सेकंदांचा खेळ असतो, त्यात शिकणार काय आणि कधी, इथे तीच उंची बराच वेळ डोळ्यासमोर राहते त्यामुळे डोळ्यांना तिची सवय होते. माझी नजर कायम नाकाच्या पुढच्या डांबरावर असायची, तिथलं सगळं सर्रकन पळताना दिसतं आणि उंचीचा अंदाज चुकतो. सर एकच सांगत राहिले, "रनवेच्या त्या टोकाकडे बघा." नजर तिकडे गेली की रनवेच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यात वर येताना दिसतात, आणि आपण किती खाली आलोय ते त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट स्पीडची, आणि माझ्या मते सगळ्या कोर्सचे पैसे इथेच वसूल. पूर्ण फ्लॅपला (पंखांमागच्या पट्ट्या पूर्ण खाली असताना) विमानाचं मॅन्युअल ६० ते ७० नॉट (ताशी सागरी मैल) सांगतं, मी "सेफ्टीसाठी" म्हणून ७५ ने यायचो. सरांनी कागदावर हिशोब करून दाखवला, ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६५ च्या जागी ७५ ने आलात तर ती तब्बल एक तृतीयांश जास्त. मग ग्राउंड इफेक्टमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या आधारावर, विमान तरंगत राहतं, रनवे संपत चाललेला दिसतो, माणूस घाबरून योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकलतो, नोजव्हील (पुढचं चाक) आधी आपटतं आणि बाउन्स सुरू. एक बाउन्स दाबायला गेलं की दुसरा त्याहून मोठा. नोजव्हील फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) जोडलेलं असतं, तिथे मार बसला किंवा प्रॉपेलर जमिनीला लागला तर विमान हँगरमध्येच.

मग फायनलला, म्हणजे रनवेच्या रेषेत शेवटचं खाली येताना, विमान ६५ वर ट्रिम करून टाकायचं (जोर न लावता तोच वेग राहील असं बसवायचं), इतकं की योक अंगठा आणि दोन बोटांत धरता यावा. काचेत जी जागा वर-खाली सरकत नाही तिथेच आपण जाणार, ती वर सरकली की आपण कमी पडतोय, खाली सरकली की पुढे जातोय. थ्रेशहोल्ड (रनवेची सुरुवात) ओलांडल्यावर थ्रॉटल हळूहळू मागे, आणि सरांचं वाक्य अजून कानात आहे: "टेकवू नका. उलट टेकू देऊ नका त्याला." योक इंच-इंच मागे येत राहतो, स्टॉल हॉर्न (वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारा भोंगा) कुरकुरायला लागतो आणि मागची दोन चाकं आधी लागतात. तिसऱ्या तासाला हे पहिल्यांदा नीट झालं तेव्हा हात थरथरत होते माझे, आनंदाने.

बाउन्स झाला की विचार करत बसायचं नाही, सरळ गो-अराउंड, हे पण घोटून घेतलं. फुल पॉवर, उजवा रडर, फ्लॅप २० अंशांवर. पण खरं सांगायचं तर नाक किती जोरात वर येतं हे मला माहीतच नव्हतं, कारण ट्रिम लँडिंगचं असतं आणि फ्लॅप पूर्ण खाली, योक चांगला ताकदीने पुढे धरावा लागतो. हे लायसन्सच्या ट्रेनिंगमध्ये मला कोणी एवढ्या नीट दाखवलं नव्हतं.

आता एक स्टार कापला तो आडव्या वाऱ्यासाठी. एकच तास मिळाला आणि त्या दिवशी वारा जेमतेम ६-७ नॉट. क्रॅब (वाऱ्याकडे तिरकं धरलेलं नाक) काढून वाऱ्याकडचा पंख खाली, उलटा रडर, वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं आणि टेकल्यावरसुद्धा एलेरॉन (पंख कलवणाऱ्या टोकाकडच्या पट्ट्या) वाऱ्याकडे वाढवत न्यायचं, एवढं समजलं पण पायात बसलं नाही. मॅन्युअलमध्ये आडव्या वाऱ्याचा १५ नॉटचा आकडा आहे, तो विमानावर चाचणीत दाखवून दिलेला, माझा नाही, माझा सध्या ८ सुद्धा नसेल. शिवाय शेवटच्या दोन दिवसांचं डीब्रीफिंग (उड्डाणानंतरची चर्चा) पुढचा विद्यार्थी उभा आहे म्हणून पाच मिनिटांत गुंडाळलं, ते अजिबात आवडलं नाही, कारण चुका ताज्या असतात त्याच वेळी बोलायला हव्यात.

घेणार असाल तर बुकिंग करतानाच क्रॉसविंडचे (आडव्या वाऱ्याचे) दोन तास वेगळे मागून घ्या, आणि सगळे स्लॉट सकाळचे घेऊ नका, सकाळी बहुतेक वेळा वारा पडलेला असतो. मी दुपारचे दोन मागितलेत.