गाडीच्या चेंबरला नळ

आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या पार्किंगला पांढऱ्या टाइल्स आहेत म्हणून गाडीखालचा ऑइलचा पहिला डाग दिसला, नाहीतर तोही दिसला नसता. रुपयाच्या नाण्याएवढा, मधासारखा. ऑइल बदलून जेमतेम नऊ दिवस झाले होते, म्हणून ते अजून काळं पडलेलं नव्हतं.

नऊ दिवसांआधी मी चेंबरला ड्रेन व्हॉल्व्ह बसवून आणला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इंजिनच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं, त्याला एक ड्रेन बोल्ट असतो. ऑइल बदलताना गाडीखाली घुसायचं, पान्ह्याने तो बोल्ट खोलायचा आणि गरम ऑइल हातावर घ्यायचं. त्या बोल्टच्या जागी छोटा व्हॉल्व्ह लावला तर नुसती दांडी फिरवली की ऑइल खालच्या टबात. घरी ऑइल बदलणाऱ्याला मोह पडावा अशीच चीज आहे, आणि ती खरीच असते, चालतेही. मी फसलो तो व्हॉल्व्हच्या कल्पनेला नाही.

कामठी रोडवरच्या एका दुकानदाराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. "जपानी माल आहे भाऊ, एकदा लावला की गाडी विकेपर्यंत पाहायचं काम नाही." फिटिंगसकट २,४०० रुपये. मी गेलो. त्याच्या पोराने जुना बोल्ट काढला आणि नवीन व्हॉल्व्हच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळायला लागला. मी विचारलं, टेप कशाला? "डबल सेफ्टी." दोन-तीन आटे हाताने गेले, पुढे अडलं, तर त्याने पान्ह्याला पाइपाचा तुकडा लावून ओढलं. मी शेजारी चहा पीत उभा होतो. तो कप आजही डोळ्यांपुढून जात नाही.

जुना बोल्ट मागितला तर "भंगारात गेला". बिल मागितलं तर पॅडच्या चिठ्ठीवर "व्हॉल्व्ह + मजुरी" एवढंच. दुकानाचं नाव नाही, नंबर नाही. पैसे यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नाही, कोण्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले. हे सगळं मी पाहिलं होतं बरं. पाहूनही गप्प बसलो, कारण स्वस्तात हुशारी केल्याचा आनंद होता.

डाग पाहून फोन केला. "चेंबरला बाहेरून लागलेलं ऑइल आहे, तेच गळून राहिलं. टेन्शन नका घेऊ." मी टेन्शन घेतलं नाही. इंजिनात ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून पाहायला अर्धं मिनिट लागतं, तेवढंही केलं नाही.

चार दिवसांनी बुटीबोरीला ड्यूटीवर जाताना, जामठ्याच्या स्टेडियमच्या अलीकडे ब्रेक मारला आणि ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझला. पुढच्या ब्रेकला पुन्हा. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, अख्ख्या प्रकरणात मी शहाण्यासारखं केलेलं हे एकच काम. त्या दिव्याचा अर्थ ऑइलचं प्रेशर पडलं असा असतो, तो लागल्यावर "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याचं इंजिन बसतं. डिपस्टिकच्या टोकालाही ऑइल नव्हतं. गाडी टो करून घरी आणली.

खालच्या मजल्यावरचे काका अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, म्हणून रिटायर झालेत. जॅक आणि स्टँड लावून खाली पाहिलं आणि म्हणाले, "अबे, गाडीले नळ लावून आणला का तुनं?"

मला वाटलं, थट्टा करतात. त्यांनी व्हॉल्व्ह काढला तर तो हाताने निघाला. मग जाडी मोजायचा व्हर्नियर आणि आट्यांतलं अंतर मोजायचा पिच गेज घेऊन आले. माझ्या गाडीचा बोल्ट १४ मिलिमीटरचा, दर आट्यात अंतर दीड मिलिमीटर. हातातल्या पितळी तुकड्याची जाडी १३ मिलिमीटरच्या जरा वर, आणि इंचाला १९ आटे, म्हणजे आट्यातलं अंतर सुमारे १.३४ मिलिमीटर. हा पाव इंची पाइपाचा आटा, नळजोडणीतला. बारीक असल्याने भोकात शिरतो, पण आट्याला आटा बसत नाही. दोन-तीन वळसे फसवतो आणि मग जोर लावला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे खातो. उरलेली फट टेपने भरलेली. गाडी तापते, हादरते, टेप सरकते, व्हॉल्व्ह ढिला होतो.

काका चिडले ते टेपवर. ड्रेन बोल्टला वायसर, म्हणजे चपटी चकती, असतो, सील तो करतो. खऱ्या व्हॉल्व्हसोबतही वायसर येतो आणि आट्याचं माप लिहिलेलं असतं. शिवाय त्याची दांडी नुसती फिरत नाही, आधी स्प्रिंगविरुद्ध दाबावी किंवा ओढावी लागते, म्हणजे रस्त्यावरचा दगड लागून उघडायला नको. माझी दांडी बोटाच्या धक्क्याने फिरत होती. एखाद्या उंच स्पीड ब्रेकरवर ती उघडली असती तर तीन लिटर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर.

इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात तोच कॉक, म्हणजे छोटा नळ, त्याच लाल मुठीचा, १८० रुपयांना मिळाला. दुकानदाराने विचारलं, "गॅसच्या लाइनला की पाण्याच्या?"

चेंबर उतरवून आट्यांत स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवलं, टेपचे तुकडे ऑइलच्या जाळीत गेले का ते पाहिलं (दोन सापडले), नवीन बोल्ट, वायसर, ऑइल, फिल्टर: ६,२०० रुपये.

दुकानदाराने आधी ओळखलंच नाही, मग "आमचा माल नाही" म्हणाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे व्हॉट्सॲपचा फोटो, यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून कागद जपून ठेवलेत. दुकानदार आता हजार रुपये देऊन मिटवू म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तो कॉक काकांनी ठेवून घेतला होता. एप्रिलमध्ये कूलर काढला, तेव्हा रिड्यूसर, म्हणजे माप जुळवणारा जोड, लावून टाकीच्या तळाला बसवला. वायसर नाही, दोन वेढे टेप. थेंब गळत नाही.