फॅमिली मेडिसीनची रेसिडेन्सी: पोस्टिंग बदलत शिकायचं की एकाच ओपीडीत टिकून?

इंटर्नशिप संपली की गोव्यातली दोन-तीन मुलं दरवर्षी विचारायला येतात: फॅमिली मेडिसीन, म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना बघणाऱ्या डॉक्टरचं शिक्षण, घेऊ का, आणि कुठे? एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) तीन-तीन वर्षांचं, एमबीबीएसनंतरचा डिप्लोमा दोन वर्षांचा. मी सांगतो, पदवी नंतर बघा. आधी तिथे शिकवतात कसं ते बघा.

जुनी रीत पोस्टिंगची, म्हणजे एकेका विभागात ठरावीक महिने काम करत फिरण्याची. दोन-तीन महिने मेडिसीन, मग बालरोग, मग प्रसूती, मग कॅज्युअल्टी. हात बसायला याला तोड नाही. बाळ जन्मून रडलं नाही, बाळंतिणीचं रक्त थांबेना, तर काय करायचं हे लेबर रूममध्ये रात्री जागूनच अंगी येतं. काणकोणहून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठेपर्यंत तासाच्या वर जातो. तोवर रुग्ण तुमच्याच हातात.

पण पोस्टिंग बदललं की रुग्ण सुटतो. आमच्याकडे सत्तरी तालुक्यातली एक मावशी यायची, पिशवीत चार रेसिडेंटांच्या (शिकाऊ डॉक्टरांच्या) अक्षरातले चार कागद. साखर खाली येईना, म्हणून प्रत्येकाने ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी थोडी थोडी वाढवलेली. पाचवी रेसिडेंट वर्षभर त्याच ओपीडीत होती. तिसऱ्या भेटीत मावशी तिला म्हणाली, "बाय, काजूच्या दिवसांत मी ती गोळी घेतच नाही." पहाटे बागेत बोंडू वेचायला जायचं, पेज दहाला, उपाशीपोटी गोळी घेतली की डोळ्यांपुढे अंधारी. हे पहिल्या भेटीत कोण सांगतं? डोस वाढवायचा नव्हता, वेळ बदलायची होती.

नवी रीत नेमकी इथे उजवी. तीन वर्षं एकच दवाखाना, आठवड्याचे ठरलेले दिवस, तीच कुटुंबं. वॉर्डातलं काम त्याच्या भोवती बसवायचं. अमेरिकेत 2023च्या नियमांनी 1,650 रुग्णभेटी मोजण्याची जुनी अट काढून स्वतःच्या दवाखान्यात 1,000 तासांची अट आणली. तोटाही आहे: अवघड प्रसूती तुमच्या ओपीडीच्या दिवशीच येईल असं नाही, आणि दवाखान्यात शिकवणारा सीनियर नसेल तर तीन वर्षं नुसती चिठ्ठ्या लिहिण्यात जातात.

हे शिक्षण किती वर्षांचं असावं, हा वाद मी फार मनावर घेत नाही. कॅनडाने दोनाची तीन वर्षं करायचं ठरवलं होतं, 2023मध्ये मागे घेतलं.

परीक्षेचं मात्र नीट विचारा. शेवटी एकदाच थिअरी-प्रॅक्टिकल, की सीनियर खोलीत बसून तुमचं रुग्णाशी बोलणं अधूनमधून बघतो आणि त्याच दिवशी चूक दाखवतो? ब्रिटनमध्ये जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, प्रशिक्षणात असं निरीक्षण मूल्यमापनाचाच भाग आहे. आपल्याकडे एमडीच्या रेसिडेंटला तीन महिने जिल्हा इस्पितळात काढावे लागतात. ते चांगलंच, पण तेही एक पोस्टिंगच.

माझा कौल असा: पहिल्या वर्षी वॉर्ड आणि लेबर रूम भरपूर, पण आठवड्यातली एक ओपीडी पहिल्या महिन्यापासून कायम तीच, आणि पुढे ती वाढत जाणारी. दोन्ही देणारी जागा मिळाली तर घर लांब पडलं तरी घ्या. एकच मिळत असेल आणि पुढे पेडण्यात किंवा सत्तरीत बसायचं असेल, तर प्रसूती आणि बालरोगाचं पोस्टिंग भक्कम असलेली जागा घ्या. ओपीडीतला धागा तिथल्या सीनियरकडे हट्टाने मागून घ्या.

जागा भरण्यापूर्वी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा. पहिल्या वर्षापासून आजवर बघत आलेला एखादा रुग्ण आहे का, विचारा. असला, तर त्याच्या घरी कोण कोण आहे तेही विचारा.