सीडी आणि कॅसेटच्या संग्रहासाठी फ्लॅक व ओपस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुमारे दीडशे सीडी आणि वडिलांनी जपून ठेवलेल्या चाळीसएक कॅसेट, बहुतेक शास्त्रीय गायनाच्या, संगणकावर उतरवताना मी असे ठरवले होते की जपून ठेवायची प्रत फ्लॅक या ध्वनिफाइलच्या प्रकारात करायची आणि मोबाईलवर ऐकण्यासाठी तिच्यावरूनच १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) ओपस फाइल, म्हणजे बारीक तपशील गाळून खूप लहान केलेली, काढायची. आठ महिन्यांनंतर हा निर्णय बराचसा टिकून आहे; फक्त गाडीने त्याला छेद दिला.

सीडीवरील ध्वनी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट आणि स्टिरिओ असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट किंवा तासाला ६३५ एमबी. फ्लॅक त्यातला एकही बिट न गाळता जागा वाचवतो आणि माझ्या बहुतेक सीडी निम्म्याच्या आसपास आल्या. कॅसेट मात्र तितक्या आटल्या नाहीत, कारण टेपची सळसळ पूर्णपणे अनियमित असते आणि फ्लॅकसारख्या लॉसलेस (काहीही न गाळणाऱ्या) पद्धतीला ती जशीच्या तशी सांभाळावी लागते. ज्या कॅसेट मुळात मोनो होत्या त्यांचे दोन्ही चॅनल एकत्र केल्यावर फाइल जवळजवळ निम्मी झाली आणि सळसळही थोडी कमी झाली.

ओपसच्या बाबतीत कानांवर विसंबण्यापेक्षा मी एबीएक्स चाचणी केली, म्हणजे कोणती फाइल वाजते आहे हे न कळता सोळा वेळा ओळखायचे. ३२० केबीपीएसची एमपी३ आणि फ्लॅक यांत मी नऊ वेळा बरोबर आलो, म्हणजे नाणेफेक केल्यासारखेच. १२८च्या ओपसमध्येही फार वेगळे घडले नाही. जुन्या एन्कोडरने (ध्वनी दाबून फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) केलेली १२८ची एमपी३ मात्र मी पंधरा वेळा ओळखली, आणि तीही गळ्यावरून नव्हे, तर तबल्यावरून. एमपी३ची मोठी खिडकी, म्हणजे एका वेळी दाबायला घेतलेला ध्वनीचा तुकडा, १,१५२ सॅम्पलची, सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. थाप त्या खिडकीच्या मध्यावर पडली की बिट कमी पडल्यामुळे होणारा गोंगाट थापेच्या आधीही पसरतो आणि किनारीचा खणखणीतपणा बोथट होतो. चांगला एन्कोडर अशा जागी लहान खिडकी वापरतो, पण कमी बिटरेटमध्ये त्यालाही मर्यादा पडतात. तानपुऱ्याची जवारीही त्या फाइलमध्ये पाण्याखालून आल्यासारखी वाटत होती. ब्लूटूथवर एसबीसीने (ब्लूटूथच्या नेहमीच्या ध्वनी दाबण्याच्या पद्धतीने) ऐकणाऱ्यांनी तर ३२० की १२८ या वादात फारसे पडू नये, कारण तिथे ध्वनी पुन्हा एकदा दाबला जातोच.

गाडीतील प्लेअरला ओपस वाचताच येत नसल्यामुळे त्याच्यासाठी लेम या एमपी३ एन्कोडरच्या व्ही० या सेटिंगची बदलत्या बिटरेटची एमपी३ करावी लागली, जिची सरासरी साधारण २४५ केबीपीएस पडते. मूळ प्रत फ्लॅकमध्ये असल्याने हे काम एका रात्रीत झाले. ओपसवरून एमपी३ केली असती तर दर्जातल्या एका नुकसानीवर दुसरे नुकसान चढले असते. तक्रार एकच: विलंबित संपून द्रुत सुरू होताना सीडीवर जिथे ट्रॅक बदलतो, तिथे एमपी३ एन्कोडरने भरलेली क्षणभराची शांतता हा प्लेअर गाळत नाही, आणि समेवर येताना तो खड्डा फार बोचतो.

चार कॅसेट मी सुरुवातीला एका दुकानातून उतरवून घेतल्या होत्या. फाइली फ्लॅकच होत्या, पण स्पेक्ट्रोग्राममध्ये (ध्वनीतल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या चित्रात) टेपची सळसळ १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी थांबलेली दिसली, म्हणजे मधल्या टप्प्यावर वरच्या कंपनसंख्या कापणारी कमी बिटरेटची एमपी३ होऊन गेली असावी. शेवटी घरच्या डेकचे हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून आणि अझिमथचा (टेपशी हेडचा कोन ठरवणारा) स्क्रू प्रत्येक कॅसेटला कानाने जुळवून त्या चारही पुन्हा उतरवल्या. तार षड्ज त्यांत जितका उघडा ऐकू आला, तितका फरक मला बिटरेट वाढवून कधीच मिळाला नव्हता.