गोठ्यातली रबर मॅट: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला बंदिस्त गोठा, एच.एफ. (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी, दावणीला बांधलेल्या, खाली सिमेंटचा कोबा. त्यावर साडेसहा बाय चार फुटांच्या, १७ मिलिमीटर जाडीच्या रबर मॅट पावसाळ्याआधी टाकल्या. त्या घेताना एकच प्रश्न डोक्यात होता: गायींचं लंगडणं थांबेल का? विकणारे सरळ हो म्हणतात. आमचं उत्तर असं, की मॅटवर गाय जास्त वेळ बसते आणि त्यानं तळव्याचा त्रास कमी होतो. पण खुरं तासायचं काम वाढतं, आणि ओल तशीच राहिली तर मॅटचा फायदा सगळा वाया जातो.

आधी बसण्याचं. गायीला दिवसात १० ते १४ तास बसायला हवं. कडक कोब्यावर गुडघे टेकवायला ती कचरते, मग तासन्‌तास उभीच राहते. खुराच्या आत हाड असतं, हाडाखाली चरबीची गादी. व्यायल्यावर गाय अंगानं उतरते, म्हणजे वाळते, तेव्हा ही गादीही पातळ होते, आणि हाडाचा भार थेट तळव्याच्या जिवंत भागावर येतो. तिथं रक्त साकळतं, पुढं जखम होते. खूर महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतं, त्यामुळं तासताना आज दिसणारा लाल डाग दोन महिन्यांपूर्वीच्या माराचा असतो. म्हणून मॅट टाकून महिना झाला आणि गाय अजून लंगडतेच, अशी तक्रार घाईची आहे. तीन महिने जाऊ द्या. लवकर फरक दिसतो तो गुडघ्यांवर: पुढच्या गुडघ्यांची सूज उतरते आणि मागच्या पायाच्या सांध्यावरच्या सोललेल्या जागी केस येऊ लागतात.

बसवताना बहुतेक गोठ्यांत एकच चूक दिसते. मॅट गव्हाणीला चिकटवून टाकतात आणि मागं फूटभर कोबा उघडा राहतो. गायीचे मागचे पाय नेमके त्या उघड्या पट्ट्यावर, नाल्याच्या कडेवर. लंगडण्याची बहुतेक दुखणी खुरात असतात, त्यातही मागच्या पायात, आणि तिथंही बाहेरच्या नखीत, म्हणजे खुराच्या दोन भागांपैकी बाहेरच्या भागात. म्हणजे जिथं मॅटची सर्वांत जास्त गरज, तिथंच ती नाही. गाय उभी करून मागची खुरं कुठं पडतात ते खडूनं आखून घ्या आणि मॅट तिथपासून पुढं मोजा. नाल्यावर मात्र ती लोंबू देऊ नका, कड दुमडते आणि पाय अडकतो.

उतार मॅट टाकायच्या आधीच हवा. सहा फुटांत दीड इंच पुरे. त्याहून जास्त दिला तर गाय सतत मागं सरकते आणि मागच्या पायांवर भार वाढतो. कमी दिला तर मूत मॅटखाली थांबतं. खालून ठोकळ्यांची नक्षी असलेलीच मॅट घ्या, सपाट तळाखाली पाणी निघत नाही. दोन मॅटमध्ये अर्धा इंच फट सोडा, उन्हाळ्यात रबर फुगतं.

पावसाळ्यातच मॅटची परीक्षा होते. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं तर जून ते सप्टेंबर गोठा वाळतच नाही. मॅटवर शेणाचा पातळ थर बसला की ती कोब्याइतकीच घसरते, आणि खालचं मूत कुजून वास, माश्या, अळ्या सुरू होतात. नुसतं पाणी मारून हे जात नाही. आधी शेण ओढून काढायचं, मग कडक खराट्यानं घासायचं, मग पाणी, आणि शेवटी रबरी पट्टीनं पाणी नाल्यात ओढायचं. पंधरा दिवसांतून एकदा पहारीनं मागची कड उचलून खालून धुवायची. एक मॅट पन्नास किलोच्या घरात जाते, तेव्हा दोन माणसं लागतात. वर उसाच्या पाचटाची कोरडी कुट्टी पातळ पसरली तर ओल शोषली जाते, पण ती रोज बदलायची. भिजलेली कुट्टी तशीच ठेवली तर कासेचा आजार ओढवून घ्याल.

ओल एवढी महत्त्वाची का? भिजलेलं खूर मऊ पडतं, खडा लवकर रुततो, आणि नख्यांमधली कातडी चिघळली की तिथून जंतू आत शिरतात. दोन नख्यांच्या बेचक्यात दुर्गंधी, सूज, आणि पाय अचानक टेकेनासा होणं, ही खूर सडण्याची खूण. टाचेच्या वरच्या बाजूला लालभडक, हात लावताच गाय पाय झटकते अशी जखम, हे वेगळं संसर्गजन्य दुखणं; ते एका गायीकडून दुसरीकडं पसरतं. या दोन्हींवर मॅट काही करत नाही. त्यासाठी मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी: १०० लिटरला ५ किलो, प्लॅस्टिकच्या टबात, कारण मोरचूद लोखंड खातं. खुरं आधी धुऊन घ्या, शेण मिसळलं की मोरचुदाची ताकद जाते. बांधलेल्या गायींना टबातून चालवणं जमत नसेल तर पाय धुऊन तेच पाणी फवारणीच्या पंपानं मारा. उघड्या जखमेवर फिनेल ओतायची सवय सोडा, मांस जळतं आणि जखम भरायला उशीर लागतो. उरलेलं मोरचूद पाणी ओढ्यात किंवा शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्याच्या रानात टाकू नका. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं.

आता तासणीचं. कोब्यावर खूर घासून झिजतं, रबरावर तेवढं झिजत नाही. सहा महिन्यांत तीन सेंटिमीटर वाढलेला पुढचा भाग गायीचा भार टाचेवर ढकलतो. मॅट घेतली म्हणजे वर्षातून दोनदा तासणी धरूनच चाला: एकदा आटवताना (दूध बंद करताना), एकदा व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांनी. बैलाला पत्री (खुराखालची लोखंडी नाल) मारणाऱ्या नालबंदाचा हात चांगला असतो, पण बैलाचं खूर पत्रीसाठी सपाट करतात, दुभत्या गायीचं तसं करायचं नाही. मागच्या पायाची आतली नखी आधी, केसांच्या रेषेपासून टोकापर्यंत साडेसात सेंटिमीटर ठेवून. मग बाहेरची तिच्या उंचीला आणायची. मग दोन्ही नख्यांचा मधला भाग थोडा पोकळ करायचा. अंगठ्यानं दाबल्यावर तळवा दबला की थांबा, त्यापुढं जिवंत भाग आहे. तळव्यात जखम निघालीच तर त्याच पायाच्या दुसऱ्या, निरोगी नखीला लाकडी ठोकळा चिकटवून घ्या. दुखऱ्या नखीवरचा भार सुटला की ती भरून येते. हे काम खोड्यात (गाय अडकवून धरायच्या चौकटीत) उभ्या गायीवर, पशुवैद्यकाकडून. गाभण गाय पाडून तासू नका.

बांधलेली गाय चालतच नाही, त्यामुळं लंगडणं दिसेपर्यंत दुखणं जुनं झालेलं असतं. रोज धार काढताना पाहा: मागचे पाय आलटूनपालटून उचलते का, एक पाय नुसता टोकावर टेकते का, उभी असताना पाठ कमानीसारखी वर येते का, उठताना दोनदा प्रयत्न करते का. आठवड्यातून एकदा सोडून कोरड्या जमिनीवर वीस पावलं चालवा. सोबत ताप आणि तोंडात फोड असतील तर ते लाळ्या-खुरकत, आणि मांडीवर दाबल्यावर करकरणारी सूज असेल तर फऱ्या. दोन्हींत डॉक्टरला त्याच दिवशी फोन.

गळीत हंगामाचं एक वेगळं सांगायला हवं. नोव्हेंबरपासून वाडे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतात म्हणून गाय फक्त वाडे आणि भरड्यावर (दळलेल्या धान्याच्या खुराकावर) येते. वाड्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि दूध वाढवायला एकदम वाढवलेल्या भरड्यानं पोटात आम्ल होतं, त्याचा मार खुरावर निघतो. कडबा रोज द्या, भरडा तीन-चार वेळांत विभागून द्या, खनिज मिश्रण चुकवू नका.

फोमच्या हलक्या मॅटही बाजारात आहेत. बसायला त्या जास्त मऊ, उचलायला एकटा माणूस पुरतो. पण खुराच्या कडेनं त्या फाटतात, आणि फाटलेल्या जागी शेण भरतं. व्यायच्या जागेत, थोड्या दिवसांसाठी त्या चालतील. कायमच्या दावणीला रबरच घ्या.